जावयाचं कार्ड आणि गावाचं खत

खरेदी विभागात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी गंडवू शकत नाही, असं माझं मत होतं. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत नोकरीला आहे. भट्टीची वाळू असो नाहीतर ऑफिसचा कागद, समोरच्यानं भाव सांगितला की मी काही बोलत नाही. नुसता त्याच्याकडं बघत राहतो. थोड्या वेळानं तो आपणहून खाली येतो. हा प्रयोग मी घरी दीप्तीवरही करून बघितला आहे. ती खाली येत नाही. "बघताय काय, दूध आणायचंय," म्हणते.

दीप्ती माझी बायको. तिच्याकडं एक कॅशबॅकचं कार्ड आहे. किराणा, लाइटबिल, पेट्रोल, मुलीची फी, सगळं ती त्याच कार्डावर भरते आणि बँक तिला दर महिन्याला त्यातले थोडे पैसे परत देते. थोडे म्हणजे इतके थोडे की चारचौघांत सांगायला लाज वाटावी. पण ती ते वेगळ्या खात्यात ठेवते, आणि जमा झाल्याचा मेसेज आला की दिवसभर खूश असते.

गेल्या उन्हाळ्यात मला दुसऱ्या एका बँकेचा फोन आला. नवीन कार्ड घ्या, पहिल्या तीन महिन्यांत दोन लाखांचा खर्च करा, बारा हजारांचं व्हाउचर मिळवा. मी नेहमीप्रमाणे गप्प बसलो. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, पहिल्या वर्षाची फीसुद्धा माफ करतो." आली का नाही खाली? मी कार्ड घेतलं.

"दोन लाख कशावर खर्च करणार?" दीप्तीनं विचारलं.

"तुझा सगळा खर्च या कार्डावर घ्यायचा."

"आणि माझा कॅशबॅक?"

"तीन महिने विसर. तुला तीन वर्षांत मिळणार नाही तेवढं मी तीन महिन्यांत आणतो."

"तुमचा बोनस एकदाच मिळणार. माझं दर महिन्याला येतंय."

"दर महिन्याला येतंय म्हणूनच थोडं येतंय," मी म्हणालो. या वाक्याला काही अर्थ आहे का, याचा मी पुढं बराच विचार केला. बोलताना मात्र छान वाटलं होतं.

दोन महिने झाले तरी आकडा साठ हजारांच्या पुढं सरकेना. पेट्रोल आणि लाइटबिल यात धरत नाहीत, असंही बारीक अक्षरांत कुठंतरी निघालं. घरात माणसं तीन. खाऊन खाऊन किती खाणार? मी एक जादा कुकर घेतला. ऑफिसातल्या सौरवला फ्रिज घ्यायचा होता, तर त्याच्या मागं मागं दुकानात गेलो आणि म्हणालो, "बिल मी भरतो, तू मला रोख दे." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्याच्या लग्नाच्या बायकोबद्दल काहीतरी विचारलंय. फ्रिज त्यानं हप्त्यावर घेतला. घरी येऊन मी चांगल्या गाद्या बदलायचा विषय काढला, तेव्हा दीप्ती म्हणाली, "तुम्ही चार दिवस माझ्या आईकडं जाऊन या बघू."

सासुरवाडी निपाणीपासून जवळ आहे. सासरे नेमिनाथ अण्णा हे गावच्या सोसायटीचे चेअरमन. सोसायटी म्हणजे कर्ज देणारी, ठेवी घेणारी संस्था; तिथं अण्णांचा शब्द चालतो. ताठ माणूस. सोसायटीच्या पैशातनं स्वतः चहासुद्धा पीत नाहीत आणि दुसऱ्यालाही पाजत नाहीत. म्हणून सोसायटीत फारसं कुणी बसायला जात नाही.

मी गेलो तेव्हा पेरण्या तोंडावर आल्या होत्या. ज्याच्या त्याच्या तोंडी खत आणि सोयाबीनचं बियाणं. कट्ट्यावर बसून मी ऐकत होतो आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गावातली सगळी माणसं निपाणीला परशरामच्या कृषी केंद्रात जाणार, रोख मोजणार, आणि त्या रोखीचा कुणालाच काही फायदा होणार नाही. तेच बिल मी कार्डावर भरलं आणि त्यांनी मला रोख दिली, तर त्यांचं काही जात नाही आणि माझे दोन लाख पुरे होतात.

मी मष्णूला गाठलं. मष्णू अण्णांचा शेजारी. त्याचा टेम्पो आहे, निपाणीहून खताची पोती तोच आणतो. गावात काही कळवायचं असेल तर मष्णूला सांगायचं, ही तिथली रीत.

"मष्णू, सगळ्यांना सांग. शनिवार-रविवार मी परशरामच्या दुकानात बसतो. ज्याला जे खत, बियाणं पाहिजे ते घ्या, बिल मी भरतो. पैसे मला नंतर द्या."

मष्णूनं माझ्याकडं बघितलं. मग हळूच हसला. "कळलं, दाजी."

"काय कळलं?"

"सगळं कळलं. तुम्ही कशाला तोंडानं बोलताय."

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, कारण ती मला तेव्हा माहीत नव्हती. सोसायटीची निवडणूक लागली होती. एरवी अण्णा बिनविरोध निवडून येतात, त्यामुळं निवडणूक झाली काय आणि नाही काय, कुणाच्या लक्षात राहत नाही. यंदा भरमू चौगुलेंनी समोर पॅनेल उभं केलं होतं, आणि मतदान पंधरवड्यावर, रविवारी होतं. दीप्तीनं मला हे सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा कार्डाच्या अटी वाचत होतो.

शनिवारी सकाळी मी परशरामच्या दुकानात खुर्ची टाकून बसलो. परशराम आधी म्हणाला, "कार्डाला दोन टक्के वर पडतील." मी गप्प बसून त्याच्याकडं बघितलं. तोही गप्प बसून माझ्याकडं बघत राहिला. बराच वेळ गेला. बाहेर मष्णूचा टेम्पो येऊन थांबला, माणसं उतरायला लागली. शेवटी मीच म्हणालो, "बरं, दोन टक्के." "आयतु," म्हणजे झालं, असं कानडीत म्हणून परशरामनं मशीन पुसून पुढं ठेवलं.

पहिला आला रवळू. सोयाबीनच्या दोन पिशव्या, खताची चार पोती. मी कार्ड ओढलं. रवळूनं हात जोडले.

"पैशाचं लक्षात आहे नव्हं?" मी म्हणालो.

"आता ते काय सांगायला पायजे? आमच्या घरात सात हायत. साती तुमचीच."

बिल साडेसहा हजारांचं होतं. मी म्हणालो, "सात नकोत. साडेसहा द्या."

रवळू जरा गोंधळला. "साडेसहा कशी देऊ? द्यायची तर सात."

किती मोठ्या मनाचा माणूस, मला वाटलं. "बरं. कधी देताय?"

"पुढच्याच्या पुढं रविवार हाय न्हवं, त्या दिवशी. सकाळी आठ ते चार, कवाबी."

असा वेळेचा पक्का देणेकरी मी उद्यमबागेत बघितला नव्हता. रवळू पुढं म्हणाला, "एक फकस्त पुण्याला हाय. थोरला पोरगा. त्याला बोलवून घ्यायचं तर गाडीभाडं लागंल."

"त्याला कशाला बोलवताय? फोनवरनं पाठवायला सांगा की. एका मिनटात येतंय."

रवळू माझ्याकडं बघतच राहिला. "फोनवरनं चालतंय? आता तसं निघालंय व्हय?"

"कधीच निघालंय," मी म्हणालो.

मग एकेक जण येत गेला. कुणी म्हणे पाच तुमचीच, कुणी म्हणे तीन, आणि भावाची दोन त्याला विचारून सांगतो. सगळे न चुकता त्याच रविवारचं नाव घेत होते. मी समजलो, त्या रविवारी कारखान्याचं उसाचं बिल जमा होणार असेल. दुपारी तानीबाई आली. एकटी बाई, अर्धा एकर रान. तिचं बिल दोन हजार झालं.

"माझं एकच हाय, लेका," ती म्हणाली. "पर तुमचंच."

"एकच? बाई, दोन झालेत."

"दुसरं कुठनं आणू? म्हातारा गेला की गेल्या साली."

"राहू द्या, बाई," मी म्हणालो. "तुम्ही एकही देऊ नका."

"का? माझं नको तुम्हाला?" तिचा चेहरा पडला. "बाकी सगळ्यांचं घेताय आणि माझंच जड झालंय?"

"बरं, द्या. एक द्या."

"देते. मेल्यावाणी पडलेली असले तरी उठून येऊन देते."

रविवारी संध्याकाळी फोनवर बँकेचा मेसेज बघितला. दोन लाखांच्या वर गेलो होतो. सासूबाईंनी केलेल्या मांड्यांवर तूप ओतून घेतलं आणि रात्रीच बेळगावला परतलो. अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना कुणी काही बोललं नाही, कारण प्रत्येकाला वाटत होतं की अण्णांनीच जावयाला बसवलंय.

बुधवारी अण्णांचा फोन आला. अण्णा मला कधी फोन करत नाहीत. करायचा झाला तर सासूबाईंना लावून देतात आणि मागून बोलतात. या वेळी स्वतः बोलले. एकच शब्द. "या."

मी आणि दीप्ती दोघंही गेलो. बाहेरच्या सोप्यात अण्णा खुर्चीत बसले होते आणि मष्णू भिंतीला टेकून उभा होता. सासूबाईंनी पाणी दिलं आणि माझ्याकडं न बघता आत गेल्या.

"भरमू चौगुले चौकात सांगत सुटलाय," अण्णा म्हणाले. "म्हणतोय, जन्मभर ज्यानं मतासाठी चहा पाजला न्हाय, त्यानं आता खत वाटलंय. जावयाच्या हातानं, कार्डावर. खरं काय?"

माझ्या डोक्यात रवळूची सात मतं, तानीबाईचं एक आणि सकाळी आठ ते चार हे सगळं एकदम जागेवर जाऊन बसलं. "वाटलं नाही, अण्णा. उसनं दिलंय. मष्णूला तसं सांगितलं होतं."

अण्णांनी मष्णूकडं बघितलं.

"सांगितलतं," मष्णू म्हणाला. "पैसे नंतर द्या म्हणाले. मला वाटलं, तसं म्हणायची पद्धत असतीया."

"आणि तुम्ही हे उसनं कशाला दिलंत?" अण्णांनी मला विचारलं.

मी बोनस समजावून सांगितला. अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं. सोसायटीत कर्जाचा अर्ज ऐकतात तसंच.

"म्हणजे दुसऱ्याचं खत तुम्ही घेतलं. वर परशरामला दोन टक्के दिलं. आणि म्हणून बँक तुम्हाला बक्षीस देणार."

"हो."

"यात बँकेला काय मिळतंय?"

"त्यांना वाटतंय, आपल्याला सवय लागेल."

"आमच्या सोसायटीत असा माणूस आला तर मी त्याला कर्ज देणार न्हाय," अण्णा म्हणाले.

दीप्तीनं मधे तोंड घातलं. "अण्णा, पैसे परत मागायला पाहिजेत. बिल भरायची तारीख मतदानानंतर लगेच आहे."

तेव्हा मष्णूनं खरी अडचण सांगितली. "मागा की. पर लोकांनी पैसे घेतलं म्हणून शब्द दिलाय. पैसे परत केलं की शब्द सुटला. भरमूअण्णा वाटच बघत बसलेत."

हिशोब सरळ होता. पैसे परत मागितले तर अण्णा पडणार. नाही मागितले तर अण्णा निवडून येणार आणि मी पडणार. एवढी रक्कम माझ्या खात्यात नव्हती, आणि थकलेल्या बिलावर ती बँक काय व्याज लावते ते मला अटी वाचून पाठ झालं होतं. मी दीप्तीकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती. एका बाजूला नवरा, एका बाजूला बाप, आणि दोघांच्या मधे माझं कार्ड.

"राहू दे, अण्णा," मी म्हणालो. "मी कायतरी कर्ज काढतो." हे मी मनापासून म्हणालो. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, आणि अण्णांपुढं मनापासून बोललेलं माझं हे पहिलंच वाक्य असावं.

अण्णा उठले. त्यांनी टोपी घातली. "चला," म्हणाले. "घरोघर जाऊ."

त्या संध्याकाळी आणि नंतरच्या दोन दिवसांत आम्ही गाव पालथं घातलं. पुढं अण्णा, मागं मी, शेवटी मष्णू. पहिलं घर रवळूचं.

"दाजींनी दिलेलं उसनं हुतं," अण्णा म्हणाले. "जमंल तसं परत करा."

"म्हणजे सात परत देताय आम्हाला?" रवळूनं विचारलं.

"साती तुमचीच हायत. ती कुणी घेतलीच न्हवती."

रवळूनं मान खाजवली. "मग भरमूला दिली तर चालतंय?"

"चालतंय," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

रवळूनं आतून पैसे आणून दिले. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "दाजी, ते फोनवरनं पाठवायचं काय झालं? थोरल्याला मी सांगून बसलोय."

तसंच घरोघर. कुणी लगेच दिले, कुणी उसाच्या बिलावर ढकलले, कुणी "आधीच सांगायचं की" म्हणून रागावलं. एका घरात तर म्हातारबुवांनी मला जवळ बसवून घेतलं आणि शांतपणे समजावलं, की निवडणुकीत पैसे आधी देतात आणि परत मागत नाहीत, तुम्हाला कुणी शिकवलं नसेल. मी हो म्हणालो.

तानीबाईकडं मी जायला नको म्हणत होतो. अण्णा म्हणाले, सगळ्यांकडं म्हणजे सगळ्यांकडं. ती दारात चुलीची राख काढत बसली होती. अण्णांचं बोलणं तिनं ऐकून घेतलं.

"मी शब्द दिलाय," ती म्हणाली. "तो काय परत घेणार न्हाय."

"शब्द परत नका घेऊ. पैसे जमले तर द्या."

"असं कसं? पैसे परत दिलं तर शब्द फुकट दिला असं हुतंय. मी काय येडी न्हाय. शब्दबी तुमच्यापाशी ऱ्हाऊ दे, आणि पैसेबी माझ्यापाशी ऱ्हाऊ देत."

अण्णांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, संतापले. बघतो तर ते हसत होते. अण्णांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. वरचा एक दात नाही त्यांना.

शुक्रवारपर्यंत बरेचसे पैसे हातात आले. जे कमी पडले ते दीप्तीनं दिले. तिच्या त्या वेगळ्या खात्यात चार वर्षांचा कॅशबॅक होता. तो मी थोडा समजत होतो. तो थोडा नव्हता. तिनं एका शब्दानं काही सुनावलं नाही, फक्त फोन माझ्यासमोर धरून रक्कम पाठवली, म्हणजे मला नीट दिसावी. बिल वेळेत भरलं.

व्हाउचरचं इथंच सांगून टाकतो. ते आलं. बँक शब्दाची पक्की निघाली. त्यातून परशरामचे दोन टक्के, तानीबाईचे दोन हजार, बेळगाव-निपाणी फेऱ्यांचं पेट्रोल, नको असलेला कुकर आणि दीप्तीचा बुडालेला कॅशबॅक वजा केला. बाकी उरलं त्यात मिठाईच्या दुकानातून घरच्यांसाठी अर्धा किलो कुंदा आला. चांगला होता.

मतदानाच्या रविवारी आम्ही गावातच होतो. अण्णा सकाळी आंघोळ करून जैन बस्तीत देवाला जाऊन आले, मत देऊन आले आणि गोठ्यात म्हशीपाशी जाऊन बसले. मी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून माडीवर होतो. अण्णा पडले तर पुढचे सगळे सणवार मला बेळगावात अनगोळच्या घरात एकट्यानं काढावे लागणार, हे मी मनाशी धरून चाललो होतो.

संध्याकाळी मष्णू धावत आला. अण्णा निवडून आले होते. नुसते आले नव्हते, भरमू चौगुलेंच्या पॅनेलचा एकही माणूस निवडून आला नव्हता. बाहेर हलगी वाजायला लागली. लोकांनी अण्णांना बाहेर काढलं, गुलाल टाकला, आणि मग माझं नाव घेत वर आले. मला वाटलं, मारायला. त्यांनी मला खांद्यावर घेतलं.

"पण लोकांनी मतं का दिली?" मी खांद्यावरून मष्णूला ओरडून विचारलं. "शब्द तर सुटला होता."

"सुटलाच हुता," खालून मष्णू म्हणाला. "पर लोक म्हणाले, सोसायटीत ठेव ठेवायची तर या घरावर भरवसा ठेवावा. जावई एवढा भोळा, की निवडणुकीत वाटलेलं परत मागतोय. आणि सासरा त्याच्याबरूबर दारोदार फिरतोय. असल्या घरात पैसे खायचं डोकं कुणाला असणार?"

हे ऐकून खांद्यावरून उतरावंसं वाटलं, पण मिरवणूक बस्तीपर्यंत होती.

चौकात भरमू चौगुले उभे होते. हरलेला माणूस, पण सभ्य. मला खाली उतरवल्यावर ते जवळ आले आणि माझा हात हातात घेतला. "मानलं तुम्हाला," म्हणाले. "आधी द्यायचं, सगळ्या गावात बभ्रा होऊ द्यायचा, मग परत मागायचं. म्हणजे पैसाबी घरात आणि नावबी घरात. इतकी वर्षं राजकारण केलं, हे आम्हाला सुचलं न्हाय. पुढच्या वेळी आमच्या पॅनेलला जरा सल्ला द्या."

मी काही बोललो नाही. नेहमीप्रमाणे नुसता बघत राहिलो. त्यांना ते आणखी पटलं.

रात्री बेळगावला परत निघालो. तवंदी घाट चढून संकेश्वरला चहाला थांबलो. दीप्तीपुढं कप सरकवत मी म्हणालो, "म्हणजे अर्धा गाव मला भोळा समजतोय आणि अर्धा गाव भलताच हुशार."

"अर्धा नाही," ती म्हणाली. "हुशार म्हणणारे भरमूकाका एकटेच."

"एकटे का असेनात. मुरलेला माणूस आहे तो. त्याला कसं काय वाटलं असेल?"

दीप्तीनं चहा फुंकला. "ते तुमच्याशी आज पहिल्यांदाच बोलले ना," ती म्हणाली.